थर्मामीटरची हनुवटी

आमच्या दादाला गल्लीत कुणी नावाने हाक मारत नाही. लहानथोर सगळे त्याला 'थर्मामीटर' म्हणतात आणि तोही निमूटपणे ओ देतो. त्याचं दुकान म्हणजे आमच्या घराच्या जिन्याखालची खोली. वरच्या खोलीत मी पडदे शिवते, खाली तो बॅटऱ्या उघडतो. आधी तो मोबाइल दुरुस्त करायचा. मग ई-बाइक, म्हणजे बॅटरीवर पळणाऱ्या सायकली आल्या, दोन-तीन वर्षांत त्यांच्या बॅटऱ्या मान टाकू लागल्या, आणि नवी बॅटरी परवडत नाही असे लोक दादाच्या दारात उभे राहू लागले.

ई-बाइकची बॅटरी वरून एक डबा दिसते, पण आत बोटाएवढे चाळीस-पन्नास सेल ओळीने बसवलेले असतात. त्यातले पाच-सहा बिघडले की सगळा पॅक लंगडतो. दादा बिघडलेले काढतो, चांगले बसवतो आणि पुन्हा डबा बंद करतो. सांगायला सोपं आहे. पण चांगला कुठला आणि वाईट कुठला हे ओळखण्यातच सगळी मेख आहे, कारण वाईट सेल बसवला तर तो आतल्या आत तापत राहतो. एक पेटला की शेजारचा पेटतो, आणि अशी आग पाण्याच्या बादलीला दाद देत नाही.

नाव पडलं ते त्याच्या पद्धतीमुळे. मीटरने तपासून झालं की तो सेल चार्ज करायचा, तासभर तसाच ठेवायचा आणि मग एकेक उचलून हनुवटीला, खालच्या ओठाच्या जरा खाली लावायचा. नुसता बसलेला सेल गार असायला हवा. जरासुद्धा कोमट लागला की, "ह्याला कणकण आहे," म्हणत तो वाळूच्या बादलीत टाकायचा. ही सवय आमच्या आईची. आम्हाला ताप आला की ती कपाळावर हात ठेवायची नाही, हनुवटी टेकवायची. म्हणायची, हात कामाने निबर झालेत, त्यांना काय कळणार. दादाच्या बोटांवरही सोल्डरच्या चटक्यांनी घट्टे पडलेत, म्हणून त्याने आईचीच रीत उचलली.

मी त्याला तापमान मोजायचं यंत्र आणून दिलं होतं. बंदुकीसारखं धरायचं, बटण दाबायचं, आकडा दिसतो. त्याने ते दोन दिवस वापरलं आणि मग चहा किती गरम आहे ते बघायला ठेवून दिलं. "बारा वर्षांत माझ्या हातचा एक पॅक पेटलेला दाखव," असं तो म्हणायचा आणि दाखवायला खरंच काही नव्हतं.

गिऱ्हाइकांच्या बाबतीत मात्र तो जमदग्नी. ज्या चार्जरबरोबर बॅटरी आली त्याच चार्जरने चार्ज करायची. पिन बसते म्हणून शेजाऱ्याचा चार्जर लावला, असं कुणी बोललं की त्याने चार शब्द ऐकलेच म्हणून समजा. फुगलेला फोन उशीखाली घेऊन झोपणाऱ्या एका शिक्षकांना त्याने, "सर, उशी कशाला, सरळ चुलीवरच डोकं ठेवा," असं सगळ्यांदेखत सुनावलं होतं. आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे बॅटरी दाराच्या वाटेवर चार्ज करायची नाही. "आग लागली तर पळणार कुठून? खिडकीतून?" हे वाक्य मी शिलाई मशीनच्या खडखडाटातही दिवसातून तीनदा ऐकायची.

हा नियम त्याने एकाच माणसासाठी मोडला. त्याच्या लेकीसाठी.

ती व्यायामोपचार करते. पडून हाड मोडलेल्या, लकवा आलेल्या लोकांच्या घरी जाऊन त्यांचे हातपाय हलवून घेते. दिवसाला सहा-सात घरं, म्हणून ई-बाइक. राहते आमच्यापासून दोन रस्ते सोडून, तिसऱ्या मजल्यावर, दीड खोलीत. नवरा कापडाच्या गिरणीत रात्रपाळी करतो आणि दिवसा झोपतो. मुलगी चार वर्षांची. घरात मोकळा प्लग एकच, दारामागच्या बोळात. या वर्षी तिची बॅटरी थकली तेव्हा दादाने स्वतः तिला पॅक बांधून दिला, मुलीच्या वाढदिवसाला केक आणावा तसा मिरवत घेऊन गेला. तो दाराजवळच लावावा लागणार हे त्याला दिसलं. लेकीने विचारलंही, "बाबा, तुम्हीच तर म्हणता दारात नको म्हणून?"

"ते लोकांच्या बॅटऱ्यांचं," दादा म्हणाला. "हा माझा पॅक आहे."

मी तिथेच होते. मलाही तेव्हा त्यात काही गैर वाटलं नाही, उलट बापलेकीचं कौतुकच वाटलं. खोटं कशाला बोलू?

त्याच्या तीनच आठवडे आधी दादाने अक्कलदाढ काढून घेतली होती. खालची, डावीकडची. दाढ वाकडी रुतलेली होती, डॉक्टरांना तासभर झटापट करावी लागली. डावा ओठ आणि हनुवटी काही दिवस बधिर राहील, नस दुखावली आहे, हळूहळू येईल, असं ते म्हणाले. अक्कलदाढेबरोबर अक्कलही दिलीस का डॉक्टरांना, म्हणून मी त्याला चिडवत होते. आठवड्याने वहिनीने विचारलं, "अहो, आलं का कळायला?" तर म्हणाला, "आलं, आलं." विषय संपला. दुखणं सांगत बसणं त्याला कमीपणाचं वाटतं. आमच्या घराण्यातच ते आहे. वडील मोडलेल्या पायाने आठ दिवस कामावर गेले होते.

मग तो रविवार आला. सकाळचे साडेदहा-अकरा झाले असतील. मी चहा घेऊन खाली गेले. वहिनी दाराशी भाजी निवडत बसली होती. दादाने एका हाताने मीटर धरलं होतं, दुसऱ्या हाताने चहाचा घोट घेतला, आणि चहाचा एक ओघळ डाव्या ओठातून निघून हनुवटीवरून शर्टाच्या कॉलरवर उतरला. त्याने पुसला नाही. मला वाटलं, लक्ष नसेल. पण ओघळ वाफाळत्या चहाचा होता. कुणीही दचकलं असतं. हा पठ्ठ्या शांतपणे मीटरचा आकडा वाचत होता.

मग त्याने डाव्या हाताने एक सेल उचलला आणि नेमका त्याच जागी, त्या ओल्या डागावर लावला. क्षणभर थांबला. "गार आहे," म्हणाला आणि सेल चांगल्यांच्या ट्रेमध्ये ठेवला.

मी तो ट्रे त्याच्यापासून लांब सरकवला.

"दादा, तुझ्या हनुवटीवर काय आहे?"

"काय आहे?"

"तू सांग."

त्याने हात फिरवला, बोटं ओली झाली, आणि तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "चहा सांडला असेल. तुझं आपलं काहीतरीच."

मी ऐकणाऱ्यांतली नाही. एक चमचा चहात बुडवला, दुसरा पाण्यात, आणि म्हटलं, "डोळे मीट." तो वैतागला, पण वहिनी भाजी सोडून उठली आणि म्हणाली, "मिटा हो." तिचा आवाज चढला की दादा मुकाट्याने ऐकतो. मी पाण्याचा चमचा त्याच्या हनुवटीला डावीकडे लावला. "गार," तो म्हणाला. बरोबर होतं. पुन्हा तोच लावला. "गरम," तो म्हणाला. मग चहाचा चमचा लावला. तो डोळे मिटून वाट बघत राहिला. ओठाखालची कातडी लाल झाली.

"लाव की," तो म्हणाला.

मी चमचा काढला. वहिनीने तोंडावर पदर दाबला. दादाने डोळे उघडले, आमच्या तोंडांकडे पाहिलं, आणि त्याला समजलं. तो रागावेल, यंत्र माझ्या अंगावर फेकेल, असं मला वाटलं होतं. त्याने फक्त विचारलं, "दाढ काढून किती दिवस झाले?"

"अकरा आठवडे," वहिनी म्हणाली.

तो बोटांवर काहीतरी मोजायला लागला आणि मध्येच थांबला. त्याचा चेहरा असा उतरलेला मी फक्त आई गेली तेव्हा पाहिला होता.

"लेकीचा पॅक," तो म्हणाला.

मी फोन लावला. ती कुणाच्या तरी घरी कामात असणार, उचलला नाही. जावयांचा फोन बंद. ते झोपताना बंदच करतात. रविवारी लेकीची दोनच घरं असतात, तीही चालत जाण्याजोगी, म्हणून ती सकाळपासून बॅटरी चार्जिंगला लावून ठेवते. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दादाने वाळूची बादली रिकामी केली, आजारी सेल पत्र्याच्या डब्यात ओतले, अर्धी वाळू पुन्हा भरली आणि बादली उचलून चालायला लागला. चपला घालायचंही त्याला भान नव्हतं. मी मागे धावले. साठीचा माणूस भर रस्त्यातून वाळूची बादली घेऊन पळतोय म्हटल्यावर लोक बघणारच. कुणीतरी विचारलं, "थर्मामीटर, बांधकाम काढलं का?" तो पळतच राहिला.

तीन मजले चढून मी कडी वाजवली. दार नातीने उघडलं. तिच्या मागे, बोळात, पॅक भिंतीला टेकून चार्ज होत होता आणि त्याच्या डोक्यावर तिने आपली बाहुली बसवली होती.

दादाने आधी प्लग काढला. मग बाहुली उचलून नातीच्या हातात दिली. मग गुडघ्यावर बसून त्याने हनुवटी पॅकला लावली, या वेळी उजवी बाजू. थोडं थांबून पुन्हा लावली. मला वाटलं, आता सांगेल. पण तो मान वर करून म्हणाला, "माझा भरवसा नाही. तू बघ."

बारा वर्षांत त्याने मला एका सेलला हात लावू दिला नव्हता. मी वाकून हनुवटी टेकवली. डबा सगळीकडे कोमट होता, चार्ज होताना होतो तेवढाच. पण खालचा उजवा कोपरा गरम होता. आजारी मुलाच्या कपाळासारखा नाही, त्याच्याहून जास्त.

"हा कोपरा," मी म्हटलं.

"जावयांना उठव. पोरीला घे. आधी तुम्ही खाली उतरा."

जावई अर्धवट झोपेत, बनियनवर, काय झालं काय झालं करत उतरले. मी नातीला कडेवर घेतलं. बाकीच्या मजल्यांची दारं वाजवत आम्ही सगळ्यांना खाली काढलं. दादा शेवटी आला, बादलीत पॅक, वर वाळू, दोन्ही हातांनी बादली शरीरापासून लांब धरलेली, एकेक पायरी मोजून उतरल्यासारखा. मागच्या मोकळ्या आवारात, सायकली आणि भिंतीपासून लांब, त्याने ती ठेवली आणि आम्हाला फाटकाच्या बाहेर जायला सांगितलं. मी अग्निशमन दलाला फोन केला.

वीस मिनिटं काहीच झालं नाही. लोकांना वाटलं, उगाच बाऊ केला. एक बाई म्हणाल्या, माझ्या गॅसवर दूध आहे, मी वर जाते. तेवढ्यात बादलीतून पांढरा धूर निघाला, कुकरच्या शिटीसारखा आवाज झाला, आणि वाळू उडवत ज्वाळा माणसाच्या उंचीएवढी वर गेली. एकामागून एक सेल फुटत होते. प्लॅस्टिकची बादली विरघळून खाली बसली. धुराचा वास असा की डोळे चुरचुरले आणि दोन दिवस घशातून गेला नाही. दूध विसरून त्या बाई माझा दंड धरून उभ्या होत्या.

बंब आला. त्यांच्या साहेबांनी आग आटोक्यात आणली, वर आणखी पाणी मारत राहिले, कारण विझलेली बॅटरी पुन्हा पेटते. मग त्यांनी दादाला फैलावर घेतलं. "उचलून आणलात कशाला? जिन्यात पेटली असती तर? दार लावून घ्यायचं, सगळ्यांना बाहेर काढायचं आणि आम्हाला बोलवायचं. वस्तू जळू द्यायच्या." दादा हो म्हणाला. आयुष्यभर लोकांना झापणारा माणूस मान खाली घालून झापून घेत होता. मला त्याची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

लेक आली तेव्हा आवारात काळा डाग आणि ओली वाळू उरली होती. कुणीतरी तिला आधीच सांगितलं होतं. तिने मुलीला माझ्या कडेवरून घेतलं आणि घट्ट धरून उभी राहिली. दादा तिच्यासमोर गेला.

"मीच पास केला होता तो सेल," तो म्हणाला. "दाढ काढल्यापासून मला इथे कळत नाही. मी कुणाला सांगितलं नाही."

ती म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला. दारात नको ना, म्हणून विचारलं होतं."

"हो."

ती मुलीला घेऊन जिना चढून गेली. जावई दोनदा मागे वळून बघत तिच्या पाठोपाठ गेले.

त्याच दुपारपासून दादाने फोन करायला घेतले. अकरा आठवड्यांत तेवीस पॅक गेले होते. गिऱ्हाइकांची नावं तो कधी विचारत नाही, फोनमध्ये आपल्याला कळेल असं लिहून ठेवतो: निळी सायकल औषधं, पाव पोहोचवणारा, तिसरा मजला कुत्रा, बोलकी नर्स. मी म्हटलं, मी करते फोन, तू बस. तो ऐकेना. प्रत्येकाला तेच सांगितलं. "मी थर्मामीटर बोलतोय. माझ्या हनुवटीला कळत नव्हतं, तरी मी तुमचा पॅक पास केला. चार्ज करू नका. मोकळ्यावर ठेवा, मी येतोय." कुणी हसले, कुणी शिव्या दिल्या. पाव पोहोचवणारा म्हणाला, "अहो, पण मस्त चालतोय!" दादा म्हणाला, "लेकीचाही मस्त चालत होता."

चार दिवसांत बावीस पॅक परत आले. आमच्या घरामागच्या आवारात टेबल मांडून, यंत्राने मोजत, आकडा लिहून घेत त्याने एकूण एक सेल तपासला. तीन पॅकमध्ये कणकण सापडली. तेविसावा नंबर 'लाल हेल्मेट' म्हणून लिहिलेला होता आणि तो लागतच नव्हता. ती मुलगी भाड्याची खोली सोडून गेली होती, कुठे ते घरमालकालाही ठाऊक नव्हतं. दादा रोज सकाळी दुकान उघडलं की आधी तो नंबर फिरवतो. अजून फिरवतो. लाल हेल्मेट घातलेली कुणीही दिसली की हातातलं टाकून रस्त्यावर जातो.

दुकानाच्या दारावर त्याने पाटी लावली: 'हनुवटी बंद आहे. यंत्राने मोजून मिळेल.' निम्मी गिऱ्हाइकं तुटली. उरलेली पाटी वाचून हसतात आणि थांबतात. माझं यंत्र आता चहाला मिळत नाही.

लेक मात्र आली नाही. फोन वहिनीला करायची, नातीचं सगळं सांगायची, आणि बाबांचं नाव निघालं की कुकर लावायचाय म्हणायची. दादा एकदाही म्हणाला नाही की ती चुकतेय. तो तिच्या गल्लीतून जायचा नाही, लांबचा रस्ता घ्यायचा. असे पाच आठवडे गेले. मी दोघांच्याही डोक्यात दगड घालायच्या बेताला आले होते.

एका संध्याकाळी मी खाली पडद्यांचं माप लिहीत बसले होते, तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली. चालत आली होती. सायकल अजून बिनबॅटरीची होती. पाटी तिने पूर्ण वाचली. मग पिशवीतून नातीचं पियानोचं खेळणं काढून टेबलावर ठेवलं. चार्जिंगचं होतं. मागचं झाकण थोडं वर आलं होतं.

"सकाळपासून असं फुगलंय," ती म्हणाली. "चार्जर काढून गच्चीत ठेवलं होतं."

दादा उठून उभा राहिला. त्याने झाकण उघडलं, आतली चपटी बॅटरी सुटी केली, हातात घेतली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्याचा हात वर गेला, हनुवटीपर्यंत. तिथेच थांबला.

लेक बघत होती. "कळतंय का?" तिने विचारलं.

"नाही," दादा म्हणाला.

यंत्र टेबलावरच होतं, पण तिने त्याला हात लावला नाही.

"मग द्या इकडे," ती म्हणाली, आणि बॅटरी त्याच्या हातातून घेऊन तिने स्वतःच्या हनुवटीला लावली.